महिन्याचा टँक शेवाळला, आता रिकामा करायचा?

प्रश्न : महिन्यापूर्वी 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक लावला. खडक सगळा ड्राय रॉक (जीव नसलेला कोरडा खडक), वाळू नवी, सुरुवातीचं पाणी आरओचं. सायकल (अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टँकमध्ये रुजवणं) सुरू करायला बाटलीतले बॅक्टेरिया घातले आणि अमोनिया दोनदा 2 पीपीएमपर्यंत (दहा लाखात दोन भाग) नेला. आजचे आकडे : अमोनिया शून्य, नायट्राइट 1, नायट्रेट 40. मासा अजून एकही नाही. दुसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी भुकटी आली; पुसली की दुसऱ्या दिवशी परत. आता काचेवर हिरवा थर आहे, खडकावर हिरवे केस वाढलेत आणि एका कोपऱ्यात लालसर साय धरली आहे. दिवे सकाळी 9 ते रात्री 9. रोज साधारण 3 लिटर पाणी उडून जातं, ते क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्याने भरतो. एकाने शेवाळ मारायचं औषध आणि डझनभर गोगलगाई एकदम घालायला सांगितल्या. दुसरे म्हणतात, टँक मोडा, खडक ब्लीचमध्ये बुडवा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. घरातले टँककडे बघून नाक मुरडतात. नक्की काय करू?

उत्तर : टँक मोडू नका, औषधाची बाटली उघडू नका आणि आज रात्री दिवे बंद केलेत की उद्या सकाळी लावू नका. तातडीचं म्हणाल तर एवढंच. पण तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत, त्यावरून आत काय चाललंय ते बऱ्यापैकी सांगता येतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी दिव्यांचं. रोज बारा तास दिवे कोणासाठी चालू आहेत? मासा नाही, प्रवाळ नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना उजेड लागत नाही. प्रखर उजेडात त्यांचं काम उलट मंदावतं. तुमच्या टँकमध्ये या घडीला प्रकाशावर जगणारा एकच रहिवासी आहे आणि तुमचं पत्र त्याच्याच तक्रारीचं आहे. सायकल पुरी होईपर्यंत त्याला अंधारात ठेवा. खोलीतला साधा उजेड चालतो. खिडकीतलं ऊन थेट काचेवर येत असेल तर त्या बाजूला पुठ्ठा लावा. कोणी बघायला आलं म्हणून संध्याकाळी अर्धा तास दिवे लावलेत तर आभाळ कोसळणार नाही. समुद्रातून आलेला लाइव्ह रॉक असता, त्यावर गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ आणि चार जीव असते, तर थोडा उजेड ठेवा म्हणालो असतो. ड्राय रॉकवर जपण्यासारखं अजून काही नाही.

आता आकडे. नायट्रेट 40 बघून तुम्ही हबकला असाल, पण तो आकडा खरा नाही. तुम्ही एकूण 4 पीपीएम अमोनिया घातला. 1 पीपीएम अमोनियाचं पूर्ण रूपांतर झालं की वजनाच्या हिशेबाने साधारण 3.6 पीपीएम नायट्रेट होतं, म्हणजे तुमच्या सगळ्या अमोनियाचं मिळून 14-15. किट कसं मोजतं त्यानुसार थोडं मागेपुढे, नळाच्या पाण्यातून थोडी भर, वरून शेवाळाने खाल्लेलं वजा. 40 यायला वाट दिसत नाही. घोळ किटचा आहे : बरीचशी नायट्रेट किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि मग ते मोजतात. पाण्यात आधीच नायट्राइट असलं की तेही नायट्रेटच्या खात्यात जातं, तेही फुगून. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेट मोजूच नका. उगाच जिवाला घोर.

नायट्राइट 1 दिसतंय म्हणून पाणीही बदलू नका. नायट्राइटची धास्ती गोड्या पाण्याच्या टँकमधून आलेली आहे. तिथे ते माशाच्या कल्ल्यांतून रक्तात शिरतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 19 ग्रॅमच्या वर क्लोराइड असतं आणि कल्ल्यांच्या त्याच दारात ते नायट्राइटला आत येऊ देत नाही. खाऱ्या पाण्यात भ्यायचं ते अमोनियाला. पाण्याचा पीएच 8.2 असला तर अमोनियाचा विषारी भाग पीएच 7 च्या पाण्यातल्यापेक्षा दहापटीहून जास्त असतो. तुमच्याकडे अमोनिया शून्य आहे, म्हणजे पहिली पायरी झाली. निदान तसं दिसतंय.

'दिसतंय' म्हणायचं कारण असं की शेवाळही अमोनिया खातं, आणि नायट्रेटपेक्षा आवडीने खातं. भरपूर उजेड आणि भरपूर शेवाळ असलेल्या टँकमध्ये अमोनिया शून्य आला तर श्रेय जिवाणूंचं किती आणि शेवाळाचं किती, हे किट सांगू शकत नाही. म्हणून दिवे बंद करून आठवडाभर थांबा, हाताने जमेल तेवढं शेवाळ काढून टाका आणि मग पुन्हा अमोनिया 2 पीपीएमपर्यंत न्या. 24 तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर सायकल झाली. अमोनिया शून्य पण नायट्राइट शिल्लक, असं आलं तर आणखी आठवडा-दोन आठवडे. नायट्राइट खाणारे जिवाणू उशिरा जम धरतात, त्यांना घाई करून उपयोग नसतो. शेवाळामुळे सायकल अडून राहत नाही, ही भीती मनातून काढा.

मग हे सगळं उगवलं कुठून? तुम्ही ज्याला एक समस्या समजताय त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिघांचं खाद्यही वेगळं आहे.

तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. सूक्ष्म, एकपेशीय, अंगाभोवती सिलिकाचं कवच असलेलं शेवाळ. समुद्रात यांचं राज्य आहे. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा हेच करतात, तेव्हा तुमच्या वाळूवर ते आले यात त्यांचा काही आगाऊपणा नाही. कवच बांधायला त्यांना पाण्यात विरघळलेलं सिलिकेट लागतं. ते संपलं की डायटम आपोआप ओसरतात, बहुतेक टँकमध्ये दोन ते चार आठवड्यांत. तुमचे ओसरत नाहीत, कारण तुम्ही त्यांना रोज बांधकामाचं सामान पुरवताय. नळाच्या पाण्यात सिलिकेट असतं आणि क्लोरीन काढायच्या थेंबांनी त्याला काही होत नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा उडतं फक्त पाणी. सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट सगळं मागे राहतं. रोज 3 लिटर म्हणजे चार आठवड्यांत 84 लिटर नळाचं पाणी तुम्ही 200 लिटरच्या टँकमध्ये आटवलंत. सुरुवातीचं पाणी आरओचं भरलंत ते उत्तम केलंत, पण त्याच्या पाठोपाठ मागच्या दाराने नळ चालूच आहे. काही ठिकाणच्या पाणीपुरवठ्यात नळ गंजू नयेत म्हणून फॉस्फेट मुद्दाम घालतात, काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं आणि ते तोडलं की अमोनिया सुटतो. टँकमध्ये हे सगळं शेवाळाच्याच पथ्यावर पडतं.

तेव्हा टॉपअपलाही, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायलाही, आरओ-डीआयचंच पाणी वापरा. आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांमधून) गेलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारं. पिण्याच्या पाण्याचं घरगुती आरओ यंत्र इथे पुरत नाही, कारण त्यात बऱ्याचदा चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात. आणखी एक बारकावा, जो पुष्कळ जण विसरतात : रेझिन थकायला लागलं की सगळ्यांत आधी निसटणाऱ्यांत सिलिका असतं आणि टीडीएस मीटरला ते जवळजवळ दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतोय, तरी डायटम हटत नाहीत, अशी वेळ आली तर रेझिन बदलून बघा. आणि टॉपअप नेहमी बिनमिठाच्या पाण्याचाच. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 वर स्थिर राहिला पाहिजे.

खडकावरचे हिरवे केस ही दुसरी वस्तू, आणि हिच्याशी तुमचा सहवास सर्वांत जास्त काळ राहणार आहे. तुमच्या पत्रात फॉस्फेटचा आकडा नाही. कमी पातळी मोजणारं किट आणून तो बघा. आकडा शून्याजवळ आला तरी लगेच खूश होऊ नका. ड्राय रॉक म्हणजे सच्छिद्र कॅल्शियम कार्बोनेट आणि ते फॉस्फेट धरून ठेवतं. पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की खडक आपल्याजवळचं हळूहळू सोडत राहतो आणि खडकाला चिकटून बसलेलं शेवाळ ते पाण्यात पसरायच्या आतच पिऊन टाकतं. म्हणून पाणी स्वच्छ आणि खडक केसाळ, हे चित्र नव्या टँकमध्ये नेहमीचं. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो : उपटा. उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर त्यात साठलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट टँकबाहेर जातं. वॉल्टर अ‍ॅडी यांनी 1980च्या दशकात स्मिथ्सोनियन संस्थेत प्रवाळांचे मोठे टँक चालवले तेव्हा गाळणीचं काम मुद्दाम वाढवलेल्या शेवाळावरच सोपवलं होतं. जाळीवर शेवाळ वाढू द्यायचं आणि वेळोवेळी खरवडून फेकायचं. पुढे तुम्ही सम्प (टँकला जोडलेली खालची वेगळी टाकी) लावलात तर त्यात केटोमॉर्फासारखं दोरीचं शेवाळ स्वतंत्र दिव्याखाली वाढवून हेच काम सोयीने करता येतं. आज खडकावर उगवलंय, तर खडकावरून काढायचं, एवढाच फरक.

कोपऱ्यातली लाल साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया. दिसायला शेवाळ, जातीने जिवाणू. चिमटीत धरलं की अख्खी पापुद्र्यासारखी सुटून येते आणि खाली ऑक्सिजनचे बुडबुडे अडकलेले असतात, यावरून खात्री करा. सायनोच्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतःच वापरू शकतात, म्हणून नायट्रेट उतरवून त्यांना उपाशी मारता येत नाही. ही साय पहिल्यांदा कुठे धरते ते बघा : जिथे पाणी हलत नाही आणि गाळ साचतो तिथे. तुमच्या टँकमध्ये एकच कोपरा लाल आहे, याचा अर्थ पॉवरहेडचा (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) झोत तिथवर पोचत नाही. पंपाचं तोंड थोडं वळवा, नाहीतर दुसरा छोटा पंप लावा. साय सायफनने ओढून घ्या, ब्रशने घासून टँकभर उडवू नका. एरिथ्रोमायसिनवर चालणारी औषधं सायनोला मारतात हे खरं, पण ते प्रतिजैविक आहे आणि तुम्ही महिनाभर जिवाणूच पाळताय. सायकल चालू असताना तो विचारही नको.

चौथी एक वस्तू आहे, ती तुमच्याकडे आज नाही, पण वाट चुकलात तर येईल. डायनोफ्लॅजेलेट, हौशी लोकांच्या भाषेत डायनो. शेंबडासारखे तपकिरी दोर, टोकांना बुडबुडे, दिवसा दाट आणि रात्री विरळ. काही जातींचं विष गोगलगाईंना मारतं. हे बहुतेक वेळा येतात ते टँक घाण ठेवणाऱ्यांकडे नव्हे, अति नेटक्या माणसांकडे. शेवाळ दिसलं म्हणून जीएफओ नावाचे फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे भरपूर घालायचे, वरून नायट्रेट उतरवणारी बाटली ओतायची, दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं. महिन्याभरात नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. हिरवं शेवाळ उपाशी मरतं, स्पर्धा संपते आणि मोकळ्या जागेत डायनो येऊन बसतात. मग त्यांच्यावरचा इलाज म्हणून लोकांना नायट्रेट आणि फॉस्फेट विकत आणून घालावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत केसाळ खडकामुळे टँक सोडून दिलेले थोडे आणि अशा शून्याच्या हव्यासापायी टेकीला आलेले जास्त. तुमचं लक्ष्य नायट्रेट 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या दरम्यान असू द्या. जीएफओ लागलंच तर सांगितल्याच्या पाव मात्रेने सुरू करा आणि दर चार दिवसांनी मोजा.

पुढेमागे तपकिरी थर डायटमचा की डायनोचा असा प्रश्न पडला तर एक घरगुती चाचणी आहे. थोडा गोळा टँकच्याच पाण्यात घेऊन बाटलीत जोरात हलवा, कागदी फिल्टरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. पुन्हा तार धरून गोळे झाले तर डायनो असण्याची शक्यता दाट. पक्कं हवं असेल तर सूक्ष्मदर्शक. डायनो त्याखाली स्वतः पोहताना, गरगरताना दिसतात. डायटम फार तर सावकाश घसरत जातात.

टँक मोडून ब्लीच करण्याच्या सल्ल्याबद्दल मला थोडा रागच आहे. ज्यांनी तो दिला त्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्यातून हाती काय लागेल ते बघा. चार आठवड्यांत खडकाच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंचा जो थर बसला तो जाईल. खडक पुन्हा कोरा, वाळू पुन्हा कोरी, आणि कोऱ्या जागेवर पहिल्यांदा डायटम, मग हिरवं, मग लाल, हाच क्रम पुन्हा. रान मोकळं राहिलं की तण धरणारच. ते आणखी मोकळं करून तण थांबत नाही. हळूहळू त्या जागा जिवाणूंचे थर, कोरलाइन शेवाळ, स्पंज, कोपेपॉडसारखे बारीक चरणारे जीव व्यापतात, तेव्हाच केसाळ शेवाळाला पाय ठेवायला जागा उरत नाही. ड्राय रॉकवर याला तीन ते सहा महिने सहज जातात, कधी वर्षही लागतं. हे लवकर व्हावं असं वाटत असेल तर भरवशाच्या, जुन्या, नीट चाललेल्या टँकमधून मुठीएवढा लाइव्ह रॉक किंवा वाटीभर वाळू मागून आणा. आणताना एप्टेशिया नावाचं चिवट समुद्रफूल चिकटून आलेलं नाही ना, ते भिंगातून बघा.

औषधाचंही तसंच. शेवाळ मारणाऱ्या कित्येक औषधांत तांबं असतं. तांबं खडकात आणि वाळूत मुरतं आणि नंतर घातलेल्या गोगलगाई, कोळंब्या, प्रवाळ यांना ते घातक ठरतं. बाटलीवर तांब्याचं नाव नसलं तरी दुसरी अडचण उरतेच : एका रात्रीत मेलेलं शेवाळ तिथेच कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन ओढतं आणि अंगातलं सगळं खत परत पाण्यात सोडतं. म्हणजे शेवाळ गेलं आणि त्याचं जेवण राहिलं.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर हात चालवा. टँकमधली सगळी विजेची उपकरणं बंद करा, बटणापुरती नव्हे, प्लग काढून. नव्या टूथब्रशने खडक घासा, केस मुठीने उपटा, आणि सुटलेलं सगळं बारीक नळीच्या सायफनने ओढत राहा. नळीचं दुसरं टोक फिल्टर सॉकमध्ये सोडलंत तर शेवाळ पिशवीत अडकतं आणि गाळलेलं पाणी टँकमध्ये परत ओतता येतं, पाणी बदलायची सक्ती राहत नाही. वाळूवरची भुकटी वरच्या थरासकट ओढून घ्या, वाळू वेगळी धुऊन परत टाका. खोलवर ढवळत बसू नका. खडकाच्या फटींतला गाळ रबरी फुग्याच्या पिचकारीने उडवा. चुंबकाचा स्क्रॅपर काचेवर फिरवताना तो वाळूच्या पातळीपासून दोन बोटं वरच ठेवा, एक दाणा अडकला की काचेवर कायमची रेघ. सायफन तोंडाने ओढू नका. सायनो आणि डायनो दोन्हींमध्ये विषारी जाती आहेत. हातमोजे घालणं बरं.

24 तासांची अमोनिया चाचणी पास झाली की मग एकदा मोठा पाणीबदल करा, तिसरा हिस्सा ते निम्मं. नवं पाणी आदल्या दिवशी मीठ घालून पंपाने ढवळत ठेवलेलं असावं, खारेपणा आणि तापमान टँकइतकंच. जिवाणू वाहून जातील अशी भीती नको, ते पाण्यात तरंगत नसतात, पृष्ठभागांना धरून असतात. गंमत अशी की अमोनिया खाणारा आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळे सूक्ष्मजीव) गटातला पहिला सूक्ष्मजीव शास्त्रज्ञांनी वेगळा काढला तो भर समुद्रातून नव्हे, सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियमच्या उष्णकटिबंधीय टँकमधल्या खड्यांवरून. 2005 साली तो प्रसिद्ध झाला, नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तुमच्या बाटलीवर त्याचं नाव नसेल, पण वाळूत त्याचे भाऊबंद यथावकाश येतील.

गोगलगाई डझनभर एकदम नकोत, आणि आज तर एकही नको. पाणीबदल झाल्यावर, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असताना, चार-पाच आणा. ट्रोकस जातीच्या मिळाल्या तर त्या घ्या. उलट्या पडल्या तर स्वतः सुलट होतात. अ‍ॅस्ट्रिया बऱ्याचदा उताणीच राहते आणि तशीच मरते, तिला रोज सुलट करायची तयारी असेल तरच आणा. नॅसॅरियस शेवाळ खात नाही, तिचं काम उरलेलं अन्न आणि मेलेलं मांस उचलायचं. टँकच्या पाण्याची सवय थेंबाथेंबाने, तासभर तरी लावा. खारेपणात झालेला अचानक बदल गोगलगाईंना सोसत नाही. डायटम आणि काचेवरचा हिरवा थर त्या फस्त करतील, आखूड केसही खातील. लांब केस तुम्हालाच उपटावे लागतील आणि लाल सायीला त्या तोंडही लावणार नाहीत. डझनभर आणल्या तर महिन्यात शेवाळ संपेल, मग अर्ध्या उपाशी मरतील आणि त्यांच्या सडण्यातून नवं शेवाळ येईल. उद्या कोणी 'यलो टँग घाला, सगळं शेवाळ खाईल' असंही सांगेल. खाईल हे खरं. पण तो मासा 20 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो, 200 लिटरमध्ये त्याला कोंडू नका.

दिवे परत लावाल ते मासे आल्यावर, आधी चार-पाच तास. प्रवाळ आणायचे ठरले की काही आठवड्यांत हळूहळू आठ तासांवर न्या, त्यापुढे जाऊ नका. पहिला मासा एक किंवा क्लाउनफिशची छोटी जोडी, बस्स. जिवाणूंची फौज तुम्ही घातलेल्या अमोनियाच्या मापाची आहे, तिला वाढायला वेळ द्या. दिवसातून एकदा, मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच अन्न घाला. गोठवलेलं अन्न असेल तर वितळवून, गाळून, त्याचं पाणी टाकून द्या. मासे खायला लागले की दोनेक आठवड्यांत काचेवर पुन्हा थोडा हिरवा थर येईल आणि घरातले पुन्हा नाक मुरडतील. तेव्हा स्क्रॅपर हाताशी ठेवा. दर तीन-चार दिवसांनी पुसावा लागला तर सगळं ठीक आहे. रोज पुसावा लागतोय असं झालं, तर अन्न आणि दिव्यांचे तास मोजा, आणि मला फॉस्फेटच्या आकड्यासकट पुन्हा लिहा.